नात्यांचाही अभ्यास असतो
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी आपल्या वर्धापनदिनाला बाहेरून कोणीतरी विद्वान बाई येतात, व्याख्यान देतात आणि आपण टाळ्या वाजवून चहाला उठतो. यंदा कार्यवाह बाईंनी ठरवले की आपल्यापैकीच एकीने बोलावे, आणि ते काम माझ्या गळ्यात घातले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावी शाळाच तेवढी होती, आणि आठवीसाठी ओढा ओलांडून दुसऱ्या गावी मुलीला कोणी पाठवत नसे. तेव्हा माझ्या बोलण्यात पुस्तकी थाट नसेल, तो आपण गोड करून घ्यावा.

विषयही मी आणलेला नाही, तो आपल्या गॅलरीतच तयार झाला. माझी मुलगी न्यू मरीन लाइन्सच्या निर्मला निकेतन कॉलेजात समाजकार्याचा अभ्यास करते. तिथे इतर विषयांबरोबर कुटुंबातल्या नात्यांचाही अभ्यास असतो. हे कळल्यापासून मला दोन प्रश्न सतत विचारले जातात. पहिला, "अहो, ख्रिस्ती लोकांच्या कॉलेजात मुलीला कशाला घातलीत?" आणि दुसरा, "सासू, सून, दीर, नणंद हे काय कॉलेजात शिकायचे असते? ते संसारात पडले की आपोआप येते!" दोन्ही प्रश्न आपुलकीने विचारलेले आहेत, म्हणून आज त्यांचे नीट उत्तर देते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. जोतिराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार मुलींच्या शाळा चालवीत. त्या शाळा जोतिरावांनी पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही मिस फॅरार यांच्याकडे शिक्षिकेचे शिक्षण घेतले. दोघांपैकी कोणी ख्रिस्ती झाले नाही. जे घेण्यासारखे होते ते घेतले आणि त्यातून आपल्या लोकांचे काम केले. आज आपण इथे बसून कागद वाचतो आहोत, त्यात त्या शाळांचाही थोडा वाटा आहे.

मुलीचे कॉलेज १९५५ साली सुरू झाले. ते चालवणाऱ्या भगिनींचा संघ १७९० साली फ्रान्समध्ये स्थापन झाला. तेव्हा तिथे राज्यक्रांती चालू होती आणि मठांवर बंदी आली होती. म्हणून या बायकांनी जोगिणींचा वेष न घेता साध्या कपड्यांत, चारचौघींसारखे राहून व्रत पाळायचे ठरवले. ती रीत अजून आहे. मी प्रवेशाच्या वेळी गेले तेव्हा पांढरा झगा घातलेली सिस्टर शोधत होते, आणि मला एकही दिसेना! वर्गात सगळ्या धर्मांची मुले-मुली आहेत. माझी मुलगी अजून संकष्टीला उपास करते आणि चंद्रोदयाची वाट पाहताना माझ्यावरच चिडते. तिच्यात त्या बाबतीत काही फरक पडलेला नाही.

आता दुसरा प्रश्न. नाती शिकायची कशाला?

मलाही सुरुवातीला हे नवलच वाटले होते. पण मुलगी संध्याकाळी अभ्यासाला बसली की मी शेजारी भाजी निवडत बसते. पुस्तके इंग्रजी. ती वाचते आणि मला मराठीत सांगते, कारण मला समजावून सांगितले की तिच्या डोक्यात पक्के बसते. असे दीड वर्ष चालले आहे. त्यातले तीन धडे मला आपल्या उपयोगाचे वाटले, ते सांगते.

पहिला धडा घराच्या नकाशाचा. त्याला जीनोग्राम म्हणतात. मोनिका मॅक्गोल्ड्रिक नावाच्या बाईंनी रँडी गर्सन यांच्याबरोबर १९८५ साली त्यावर पुस्तक लिहिले, तेव्हापासून त्याच्या खुणा बऱ्याच ठिकाणी सारख्या वापरतात. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ. नवराबायकोला जोडणारी एक रेघ, तिच्याखाली मुले थोरल्यापासून धाकट्यापर्यंत डावीकडून उजवीकडे. गेलेल्या माणसावर फुली. ज्यांचे फार जमते त्यांच्यात दुहेरी रेघ, आणि ज्यांचे भांडण आहे त्यांच्यात करवतीच्या दातांसारखी रेघ. निदान तीन पिढ्या काढायच्या. आपल्याकडे भटजी किंवा हेळवी वंशावळ सांगतात, तिच्यात बहुधा पुरुषांचीच नावे असतात. या नकाशात बाईला पुरुषाइतकीच जागा आहे.

मुलीला आपल्याच घराचा नकाशा काढून आणायला सांगितले होते. ती सासूबाईंजवळ वही घेऊन बसली. "आजी, तुला मुले किती?" आमच्या घरात या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे: तीन. नणंदबाई, हे आणि धाकटे दीर. सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "चार लिही. पहिली मुलगी होती. सव्वा महिन्याची गेली." तिचे नावही त्यांनी सांगितले. मी या घरात चोवीस वर्षे आहे, मला हे ठाऊक नव्हते. ह्यांनाही ठाऊक नव्हते. मुलीने सर्वांत डावीकडे लहानसे वर्तुळ काढले, त्यावर फुली मारली आणि खाली नाव लिहिले. सासूबाईंनी चष्मा लावून ते पाहिले. त्या दिवसापासून त्या नणंदबाईंना "थोरली" म्हणत नाहीत, "दुसरी" म्हणतात.

त्याच नकाशात मुलीने एका वर्षापाशी उभी रेघ ओढली: १९८२. त्या वर्षीच्या १८ जानेवारीला मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत आमचे मामंजी होते. इथल्या वडीलधाऱ्यांना ते दिवस मी सांगायला नकोत. कोणी गावी गेले ते परत आले नाहीत, कोणाच्या घरची कर्ती माणसे दारूला लागली. सासूबाईंनी तेव्हा पोळ्या लाटून विकल्या आणि तीन मुले वाढवली. मामंजी त्यानंतर घरात फार बोलत नसत, एवढेच आम्हांला माहीत होते, आणि "स्वभावच तसा" म्हणून आम्ही ते सोडून देत होतो. नकाशावर ती रेघ पाहिल्यावर कळले की स्वभावालाही तारीख असते. घरातले माणूस असे का वागते हे पाहताना त्या माणसावर काय गुदरले तेही पाहावे, हा पहिला धडा.

इथे एक गोष्ट आपल्या बाजूची सांगते. इंग्रजीत आत्या, मावशी, काकू, मामी या सगळ्यांना एकच शब्द आहे. जाऊ, नणंद, भावजय, मेहुणी यांनाही एकच. मुलीने म्हणून वर्तुळांवर मराठी शब्द लिहिले. आपले शब्द पुष्कळ काही सांगतात. आपण सासूला आत्याबाई म्हणतो आणि सासऱ्याला मामंजी. सासू आत्या कशी आणि सासरे मामा कसे? नात्यातल्या नात्यात लग्न करण्याची जी चाल आपल्याकडे पुष्कळ जातींत होती, तिच्या या खुणा आहेत. भाची आत्याच्या घरी सून म्हणून जाई. अशा गोष्टींचा अभ्यास आपल्या इरावती कर्वे यांनी केला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम करताना त्या गावोगाव हिंडल्या आणि १९५३ साली भारतातल्या नात्यांच्या रचनेवर त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. म्हणजे नात्यांचा अभ्यास करणे हे काही परक्यांचेच खूळ नव्हे.

दुसरा धडा त्रिकोणाचा. अमेरिकेत मरे बोवेन नावाचे मनोविकारांचे डॉक्टर होते. १९५४ ते १९५९ या काळात त्यांनी एका सरकारी संस्थेच्या रुग्णालयात असा प्रयोग केला की नुसता रोगी न ठेवता त्याच्या आईवडिलांना, सबंध कुटुंबालाच वॉर्डात राहायला आणायचे आणि ती माणसे आपसांत कशी वागतात ते पाहायचे. पुढे ते वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात शिकवू लागले. तेही ख्रिस्ती, जेझुइट पाद्र्यांनी स्थापन केलेले विद्यापीठ. बोवेन यांचे म्हणणे असे की दोन माणसांत ताण आला की ती दोघे तिसऱ्या माणसाला मध्ये ओढतात. मग दोघांना जरा हलके वाटते, पण मूळ भांडण तसेच राहते आणि तिसरा माणूस पिचतो.

हे ऐकून मी हातातली मेथी खाली ठेवली. भगिनींनो, आपल्यापैकी कोण त्या तिसऱ्या कोपऱ्यात बसलेली नाही? सासू सुनेवर रागावते आणि मुलाला सांगते. नवरा भावावर रागावतो आणि बायकोला सांगतो. मुले बापाला भितात आणि आईला सांगतात. घरातली बाई म्हणजे सगळ्यांच्या तक्रारींची टपालपेटी.

आमच्या घरात हे कसे घडले ते सांगते. हे इथे सांगण्याआधी मी घरी दोघांना विचारले आहे, नाहीतर गॅलरीत उद्या निराळाच बोभाटा व्हायचा. मुलीच्या त्या नकाशात ह्यांच्यात आणि धाकट्या दिरांत करवतीची रेघ होती. गावच्या जमिनीवरून दोघांचे सहा वर्षे बोलणे नाही, हे चाळीत सर्वांना माहीत आहे. पण ते वहीत काढलेले पाहून ह्यांना फार लागले. मला म्हणाले, "तिला सांग, ते पान फाडून टाक. आमच्या घरातली भांडणे कॉलेजात मांडायला तिला पाठवले नाही. असेच असेल तर पुढच्या वर्षीची फी भरायची की नाही ते मला ठरवावे लागेल." मुलगी मला म्हणाली, "बाबांना सांग, हे मार्कांचे काम आहे, आणि मी खोटी रेघ काढणार नाही." दोघेही दोन खोल्यांच्या घरात, चार हातांवर बसलेले, आणि निरोप माझ्यामार्फत! तीन दिवस असे गेले. मुलीचे शिक्षण पणाला लागले होते, तेव्हा माझी झोप उडाली होती.

चौथ्या दिवशी रात्री मी दोघांची ताटे समोरासमोर मांडली आणि म्हटले, "काल तुम्ही मला जे सांगितलेत ते आज एकमेकांना सांगा. मी मधे नाही. मी पोळ्या करते." आणि खरोखरच पाठ फिरवून तव्यापाशी उभी राहिले. पहिल्या दोन पोळ्या होईपर्यंत कोणी बोलले नाही. मग ह्यांनी विचारले, "त्यावर आपले नाव आहे का?" ती म्हणाली, "नाही, बाबा. नावे लिहायची नसतात. फक्त आजीच्या थोरल्या मुलीचे नाव आहे, ते आजीला विचारून लिहिले आहे. तेही कॉलेजात द्यायच्या कागदावर नाही." पुढे ह्यांनी जे सांगितले ते मीही प्रथमच ऐकले. त्यांना राग भावाचा नव्हता इतका, लाज होती. मामंजी गेले तेव्हा भावांत फूट पडली नाही असे लोक कौतुकाने म्हणत, आणि ते आता खोटे ठरले, ही लाज. मुलगी ऐकत राहिली. "चूक तुमची की काकांची" असे तिने विचारले नाही.

पान फाडले नाही. फी भरली गेली. दिरांशी बोलणे अजून सुरू झालेले नाही. मी खोटे गोड सांगणार नाही. पण यंदाच्या गणपतीत दिरांचा मुलगा दोन दिवस आमच्याकडे राहून गेला, आणि त्याला स्टेशनवर पोचवायला हे स्वतः गेले. करवतीची रेघ आहे ती आहे, खाली मात्र एक नवी रेघ निघाली आहे.

तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा, आणि तो मंडळाच्या कामाचा. फेलिक्स बीस्टेक नावाचे एक जेझुइट पाद्री शिकागोच्या लोयोला विद्यापीठात समाजकार्य शिकवीत. त्यांनी १९५७ साली एक पुस्तक लिहिले. अडचणीतला माणूस आपल्याकडे येतो तेव्हा त्याच्याशी कसे वागावे याचे त्यात सात नियम आहेत. पुस्तक पाद्र्याने लिहिलेले, पण धर्म शिकवणारे नव्हे. समाजकार्याच्या वर्गांत ते नियम अजून शिकवतात. माझ्या सात इयत्ता आणि त्यांचे सात नियम, म्हणून माझ्या लक्षात राहिले.

पहिला, प्रत्येक माणूस वेगळा धरावा. "सगळ्यांच्या घरी असेच असते" म्हणू नये. दुसरा, त्याला मनातले बोलू द्यावे, रडू आले तर रडू द्यावे. तिसरा, ऐकणाऱ्याने मायेने ऐकावे, पण स्वतः वाहवून जाऊ नये. चौथा, माणूस जसा आहे तसा त्याला जवळ घ्यावे. पाचवा, न्यायाधीश होऊ नये. सहावा, काय करायचे ते ज्याचे त्याला ठरवू द्यावे. आणि सातवा, ऐकलेले आपल्यापाशीच ठेवावे.

आता आपल्या मंडळाकडे पाहू. शुक्रवारी भजन झाले की कोणी ना कोणी मागे थांबते. तिच्या घरी काहीतरी झालेले असते. आपण काय करतो? ती दोन वाक्ये बोलते तोच एक म्हणते, "माझ्या सासूने तर याहून छळले." दुसरी म्हणते, "तुझेच जरा तोंड जास्त आहे." तिसरी म्हणते, "उद्या मी तुझ्या नवऱ्याशी बोलते." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरताना ती गोष्ट अख्ख्या मजल्याला माहीत असते. यात कोणाच्या मनात वाईट नसते. आपण मदतच करायला जातो. पण ती बाई पुढच्या शुक्रवारी थांबत नाही, आणि आपल्याला वाटते तिचे बरे चालले आहे.

एक सावधगिरी मात्र नीट लक्षात ठेवावी. समोरासमोर बसवून बोलायला लावणे हे रुसव्याफुगव्याच्या घरी चालते. जिथे मारहाण आहे, जिथे बाई घाबरलेली आहे, तिथे तिला मारणाऱ्यासमोर बसवणे म्हणजे तिला पुन्हा मार खायला देणे. तो त्रिकोण नव्हे, तो गुन्हा आहे. त्यासाठी २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे आणि तो २००६ च्या ऑक्टोबरपासून लागू आहे. त्यात बाईला राहत्या घरातून हुसकून काढता येत नाही, आणि मदतीला संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. तसेच १९८४ पासून मुंबईच्या पोलिसांत स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला, तो टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने. तिथे शिकलेल्या समाजसेविका बसतात. अशा वेळी आपण तिच्याबरोबर तिथवर जावे. निर्णय तिचा, पण सोबत आपली.

तेव्हा माझी मंडळाला एक विनंती आहे, तीही नवीन खर्चाची नाही. शुक्रवारी भजनानंतर आपली ही मागची खोली तासभर मोकळी ठेवावी. दोन खुर्च्या आणि पाण्याचा तांब्या एवढेच लागेल. जिला बोलायचे असेल तिने आपल्या विश्वासाची एक बाई निवडावी आणि आत बसावे. ऐकणारीने मधे बोलू नये, निरोप नेऊ नये आणि बाहेर येऊन सांगू नये. सात नियम मुलीने मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून दिले आहेत, ते भिंतीवर लावू. सुरुवातीला आपल्याला जड जाईल, विशेषतः सातवा!

संसारात पडले की नाती आपोआप येतात, हे खरे आहे. पोळ्याही आपोआप येतात असे आपण म्हणतो, पण पहिल्या पोळीचे नकाशे आठवा. कोणीतरी शेजारी बसून दाखवले तेव्हा हात बसला. नात्यांचे तेच आहे. ते दाखवणारे कॉलेज कोणत्या धर्माच्या लोकांनी काढले यापेक्षा माझी मुलगी तिथून काय घेऊन घरी येते हे मी पाहते. ती ऐकायला शिकून आली, आणि तिच्यामुळे आमच्या घरात चौथ्या मुलीचे नाव घेतले गेले.

आपण माझे वेडेवाकडे बोलणे शांतपणे ऐकून घेतलेत, म्हणजे पहिला अभ्यास आजच झाला. चहा झाल्यावर मागच्या खोलीविषयी आपापले मत कार्यवाह बाईंना अवश्य सांगावे.